टेंबलाईच्या टेकडीवर

आदली रात्र आणि पहिली माळ

घट बसायच्या आदल्या रात्री साडेदहाला काळी ट्रंक रिक्षात चढवली आणि चिंचवडच्या घरातून निघालो. आई दारात उभी होती. बायको खाली फाटकापर्यंत आली. मुलगी झोपली होती. "मला उठवशील ना? मी स्टेशनवर येणार आहे," असं तिने संध्याकाळपासून चार वेळा बजावलं होतं आणि मी चारही वेळा हो म्हटलं होतं. पण सकाळी तिचा सहामाहीचा पेपर होता आणि पुणे स्टेशनहून परतायला बायकोला एक वाजला असता. अंधारात तिच्या खोलीत डोकावलो, पांघरूण नीट केलं आणि बाहेर आलो. त्या वेळी हेच शहाणपणाचं वाटलं.

महालक्ष्मी एक्स्प्रेस पुण्यात मध्यरात्रीच्या सुमारास येते. ट्रंक बर्थखाली सरकवली तरी झोप अशी लागलीच नाही. सातारा, कऱ्हाड अर्धवट जागेपणी गेली. मिरजेला उठून चहा घेतला. रुकडी मागे पडली की पंचगंगेवरचा पूल लागतो. तिथे दरवर्षी मी दारात जाऊन उभा राहतो. पावसाळा सरता सरता नदी भरलेली, दोन्ही काठांना उसाचा हिरवा पट्टा आणि वर धुक्याचा पातळ पदर. तो पूल ओलांडला की दहा महिन्यांचा इंजिनिअर मागे राहतो आणि कॅप्टन पुढे जातो, असं मला आपलं वाटतं.

हे जरा उलगडून सांगायला हवं. मी एका कारखान्यात नोकरी करतो आणि वर्षातले दोन महिने प्रादेशिक सेनेत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत अधिकारी म्हणून काढतो. ही सेना नागरिकांची. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. 'सावधानी व शूरता' हे तिचं ब्रीद. ज्याचा स्वतःचा नोकरीधंदा आहे त्यालाच इथे घेतात. वर्षाकाठी ठरलेलं प्रशिक्षण घ्यायचं, घरी परतायचं, आणि देशाला गरज पडली की पुन्हा हजर व्हायचं. अशा माणसाची नोकरी जाऊ नये म्हणून १९४८ च्या कायद्यात तरतूदही आहे. तरी रजेचा अर्ज ठेवताना दरवर्षी साहेबांच्या कपाळावर आठी पडतेच. यंदाही पडली.

कोल्हापुरात टेंबलाई टेकडीवर प्रादेशिक सेनेची मराठा बटालियन आहे, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. स्टेशनवर गाडी आली होती. ड्रायव्हरने ट्रंकेची दुसरी कडी धरली आणि विचारलं, "घरची सगळी बरी हाईत न्हवं साहेब?" मी बरी आहेत म्हटलं. टेकडी चढताना टेंबलाई देवीच्या देवळाच्या वाटेवर मांडव घालणं चाललं होतं, नारळ-हळदकुंकवाची दुकानं लागत होती.

खोलीत लोखंडी खाट, मच्छरदाणीच्या चार काठ्या, एक टेबल, एक खुर्ची. ट्रंक उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला बायकोच्या अक्षरातली यादी चिकटवलेली आहे. बूट, पट्टा, टॉवेल, सुईदोरा, खोकल्याचं औषध, शेंगदाण्याची चटणी. गेल्या चार वर्षांच्या खुणा चार वेगळ्या पेनांनी केलेल्या. यंदाच्या खुणा पेन्सिलीच्या आहेत आणि प्रत्येक खूण जरा जास्तच मोठी. ट्रंक मुलीने भरली होती. सुईदोऱ्यापुढची खूण दोनदा केलेली, कारण रीळ आधी सापडत नव्हतं आणि तिने ते शेजारच्या काकूंकडून आणलं होतं.

संध्याकाळी नऊला घरी फोन लावला. आईने घट बसवल्याचं सांगितलं. माती यंदा कुंभाराकडून आणली, सप्तधान्य रुजत घातलंय. बायको म्हणाली, पेपर बरा गेलाय. "तिला दे," म्हटलं. पलीकडे थोडी कुजबुज, मग बायकोचा आवाज. "नको म्हणतेय."

दुसरी माळ

कॅम्पात काय शिकवलं जातं, सराव कसा होतो, यावर लिहायचं नसतं, आणि मीही लिहिणार नाही. पण दिवस कसा असतो ते सांगता येईल.

पहाटे पाचला शिट्टी. त्याआधीच खोलीबाहेर चहाची किटली आलेली असते. दूध-साखर सढळ, आलं ठेचून घातलेलं. अंधार असतानाच पीटीला उभं राहायचं. दहा महिने खुर्चीत काढलेली फुप्फुसं पहिल्या दोन किलोमीटरमध्येच हिशेब मागतात. माझ्या पुढे धावणारे जवान कुणी कागलचा, कुणी गडहिंग्लजचा, कुणी भुदरगडचा. घरी शेती, दूधदुभतं, एखाद्याचं गॅरेज. शेवटच्या चढाला कुणीतरी आरोळी देतं, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की..." आणि पन्नासएक छात्यांतून "जय!" निघतं. ही मराठा लाइट इन्फंट्रीची युद्धगर्जना. रेजिमेंट १७६८ पासूनची. ती गर्जना ऐकली की पाय आपोआप उचलतात. इतक्या वर्षांत असं झालं नाही असा एकही दिवस मला आठवत नाही.

मग आंघोळ, नाश्ता, फॉलिन म्हणजे रांगेत हजेरी, दिवसभराचं काम. दुपारी लंगरात, म्हणजे जवानांच्या भटारखान्यात, त्यांच्याबरोबर जेवलो. मटकीची उसळ, भात, चपाती, आणि रश्श्यावर कोल्हापूरला शोभेल असा लाल तवंग. खरं अवघड काय असेल तर संध्याकाळचे सात ते नऊ. काम संपलेलं असतं, झोप लांब असते. घरी याच वेळी कुकरची शिट्टी होते, मुलगी पाढे म्हणते, आई टीव्हीचा आवाज वाढवते. त्या दोन तासांत इथे इतकं शांत असतं की खालच्या रस्त्यावरच्या एसटीचा गिअर बदललेला ऐकू येतो.

सुभेदार साहेबांनी नोकरीची पंचवीसहून जास्त वर्षं फौजेत काढली आहेत. ते म्हणाले, "साहेब, पयल्या आठवड्यात घरी फोन जरा कमीच करा. मन लागत न्हाई मग." त्यांचा अनुभव मोठा आहे, पण मला हे पटत नाही. मी रोज नऊलाच फोन करतो, दहाच मिनिटं. उशीर झाला तर पलीकडे किती वेळ घड्याळाकडे बघितलं जातं, हे बायकोने पहिल्या वर्षी मला स्पष्ट सांगितलं होतं. जाणारा कामात बुडतो, राहिलेल्याला तेच घर, तीच खुर्ची आणि तीच रिकामी जागा. माझ्या रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत इटलीत एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर तुटून पडले आणि तिथेच गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, वय अवघं २२. रायगड जिल्ह्यातल्या त्यांच्या घरी तेव्हा पत्र पोचायला किती दिवस लागत असतील, याचा विचार मी इथे आलो की दरवर्षी करतो. माझ्या खिशात फोन आहे. तो वेळेवर न लावण्याला माझ्याकडे काही कारण नाही.

आजही ती आली नाही. "अभ्यास करतेय," बायको म्हणाली. मागून टीव्हीचा आवाज येत होता.

तिसरी माळ

रविवार. दुपारी चार तासांची परवानगी मिळाली आणि साध्या कपड्यांत गावात उतरलो.

अंबाबाईच्या देवळाला नवरात्रात दर्शनाची रांग किती लांब जाते ते इथल्यांना सांगायला नको. मुखदर्शन घेतलं. दिव्यांच्या उजेडात क्षणभर तो चेहरा दिसला आणि मागच्या माणसाने पुढे सरकवलं. महाद्वारातून बाहेर पडून भवानी मंडपाकडे वळलो आणि चप्पल लाईनला गेलो. मुलीसाठी कोल्हापुरी घ्यायची होती.

"पायाचा नंबर?" दुकानदाराने विचारलं. मला माहीत नव्हता. नऊ वर्षांच्या मुलीचा बाप, यंत्राचा मिलिमीटरचा फरक बोटाने ओळखणारा माणूस, आणि तिच्या पायाचं माप सांगता येईना. बायकोला फोन केला. ती म्हणाली, "थांब, दहा मिनिटं दे."

तोवर कारागीर काम करत होता ते बघत बसलो. खरी कोल्हापुरी खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवतात. तो वादीचं टोक आधी तोंडात धरून ओलं करी, मग आरीने पाडलेल्या भोकातून ओढून घेई. ओढताना अंगठ्याच्या पेरावर वळ उठायचा. त्या पेरावर जुन्या वळांची घट्ट गाठच झाली होती. तळावर तळ बसवून त्याने कडेने लाकडी हातोडीने ठोकलं, कानाशी धरून वाजवून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्याला विचारलं तर म्हणाला, "नाव मिळालं ते बरंच झालं. पर पोरं आता या कामाला बसत न्हाईत, त्याचं काय करायचं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फोनवर फोटो आला. वहीच्या पानावर मुलीचा उजवा पाय, शेजारी शाळेची पट्टी ठेवलेली. साडेवीस सेंटीमीटर. अंगठ्याला मेंदीचा ठिपका, घोट्यावर डास चावल्याची खूण. बायकोने खाली लिहिलं होतं, "बोलली नाही, पण पाय दिला."

तो फोटो मी दुकानात बराच वेळ बघत उभा राहिलो. कारागिराने माप घेतलं आणि बोटभर मोठी दिली. "पयल्यांदा लागंल. जरा त्याल लावा, चार दिवसांत पायाची व्हती बघा."

चौथी माळ

दुपारपासून पाऊस. परतीचा पाऊस इथे ढोल बडवत येतो. बाहेरचा कार्यक्रम आत घ्यावा लागला आणि संध्याकाळी बराकीच्या पडवीत पाच-सात जण चहा घेत बसलो. पावसावरून गोष्ट पुरावर गेली. कोल्हापुरात ती नेहमीच जाते.

पंचगंगेची पातळी इथे राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. हे आकडे इथल्या माणसाला आपल्या जन्मतारखेसारखे पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, चिखली-आंबेवाडी पाण्याने वेढली, शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं होड्यांनी बाहेर काढावी लागली. सेना, नौदल, एनडीआरएफ, सगळे उतरले होते.

आमच्यातला एक हवालदार शिरोळ तालुक्यातला. त्या भागात सैनिक टाकळी नावाचं गाव आहे. गावाच्या नावातच सैनिक, आणि घरटी एक तरी माणूस फौजेत. हवालदाराचं गाव त्याच बाजूचं. तेव्हा तो नियमित सेनेत होता, काश्मीरला. त्याने शांतपणे सांगितलं:

"टीव्हीवर आमच्या गावचं द्यावळ दिसलं साहेब. नुसतं शिखर. बाकी पाणी. आमचं घर देवळाच्या खाली, उताराला. मग मी काय समजायचं? फोन लागंना. चार दिस लागला न्हाई. ड्यूटी चालूच. मी तितं दुसऱ्याच्या गावाची राखण करतोय आणि माज्या आईला होडीत घालून न्हेणारा जवान कुठला, तर पंजाबचा. आई सांगती, त्यानं तिला पाठीवर घेतली. भाषा तिची त्याला न्हाई, त्याची तिला न्हाई. ती त्याला 'बाळा' म्हणायची आणि तो 'माताजी' म्हणायचा, एवढ्यावर भागलं."

"आणि वहिनी?" मी विचारलं.

"तिनं म्हसरांची दावी कापली आधी, मग होडीत बसली. पाचव्या दिवशी फोन लागला. मला वाटलं रडंल. म्हणली, 'पाणी आलतं, गेलं. एक रेडकू घावलं न्हाई, बाकी म्हसरं हाईत. तुम्ही जेवलासा का?'"

पडवीत कुणीच काही बोललं नाही. हवालदाराने कप पन्हळीच्या पाण्याखाली धरून धुतला.

मी खोलीत आलो. नऊ वाजले होते. बायकोने सांगितलं की आईचा गुडघा दुखतोय, पण घटाला माळ रोज तीच करते, झेंडूची. गॅस संपला होता, आणला. वरच्या मजल्यावरून गळती सुरू झालीय, प्लंबर उद्या येईल. हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि मग विचारलं, "तू जेवलास का?"

पाचवी माळ

ललित पंचमी. आज अंबाबाई टेंबलाईला भेटायला येते.

आमची टेकडी सकाळपासून माणसांनी भरून गेली. पाळणे, पिपाण्या, पेढे, भडंग, बांगड्या. पालखी खालून निघते आणि टाकाळ्यावरून वर येते. वाटेत रांगोळ्या, फुलांचे सडे. मला दोन तासांची मोकळीक मिळाली. देवळाच्या बाजूला एका म्हातारीने चुलीवर चहाचं दुकान मांडलं होतं, तिथे बाकड्यावर टेकलो.

"पावणं कुठलं म्हणायचं?" तिने विचारलं. पुण्याकडचे, म्हटलं.

"मग तुमास्नी देवीची गोष्ट ठावं नसंल. थांबा, मी सांगतो." कोल्हापुरातल्या बायका बोलताना 'मी सांगतो, मी जातो' म्हणतात. पहिल्या वर्षी मला ते चमत्कारिक वाटलं होतं, आता कानाला फार गोड लागतं.

गोष्ट मी आधीही ऐकली होती, पण तुकड्यातुकड्यांनी. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष याने योगदंड मिळवून देवादिकांना शेळ्या-मेंढ्या करून टाकलं. त्र्यंबोलीने, म्हणजे टेंबलाईने, त्याला मारलं आणि सगळ्यांना सोडवलं. पुढे विजयाचा सोहळा झाला. अंबाबाईने सगळ्यांना बोलावलं आणि नेमकं टेंबलाईलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली आणि अंबाबाईच्या देवळाकडे पाठ करून या टेकडीवर येऊन बसली. मग अंबाबाई स्वतः लवाजमा घेऊन तिची समजूत काढायला आली. तेव्हापासून दरवर्षी येते.

"लांब ऱ्हायला लागलं म्हणून न्हवं हां रुसली," म्हातारी कपबशी पुसत म्हणाली. "लांब काय, कुणीबी ऱ्हातंय. हाक मारली न्हाई, म्हणून रुसली."

मी चहाचे पैसे दिले, उरलेले परत घ्यायचे विसरलो. तिने मागून हाक मारून दिले.

पालखी आली. हलगी, शिंग, चोपदार, छत्रचामरं. दोघी देवींची भेट झाली आणि गर्दी एकदम आवळली. इथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात. त्याचा तुकडा घरात असावा म्हणून माणसं जिवावर उदार होऊन झेपावतात. त्या दिवशीची कुमारिका माझ्या मुलीएवढीच असावी. नऊवारी, नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि डोळे भेदरलेले. तिच्या खांद्यावर मागून कुणाचा तरी, बहुधा बापाचा, हात होता. कोहळा फुटला. त्यानंतर मला फक्त हात दिसले. मी गर्दीच्या कडेला होतो, मला काही मिळणार नाही हे धरूनच चाललो होतो. तोच आमच्याच कंपनीतला एक पोरगा शर्टाची बटणं तुटलेली, घामाने निथळत बाहेर आला. हातात दोन तुकडे. तळहाताएवढा एक त्याने माझ्या हातावर ठेवला. "घ्या साहेब. घरी न्ह्या."

रात्री नऊला फोन लावला. बायकोला म्हटलं, तिला सांग, मला तिची माफी मागायची आहे. फोन हातात घेऊ दे, बोलली नाही तरी चालेल.

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"तुला उठवतो म्हटलं होतं आणि उठवलं नाही," मी म्हणालो. "चुकलं माझं. हाक मारायला हवी होती."

"मी जागीच होते," ती म्हणाली.

मला पुढचं सुचेना.

"ट्रंक ओढल्याचा आवाज आला. तू आत आलास, पांघरूण घातलंस. मला वाटलं आता उठवशील. म्हणून मी डोळे मिटून ठेवले. मग दार लागलं."

टेकडीवर जत्रेचे दिवे अजून चालू होते. पाळण्याच्या इंजिनाचा आवाज येत होता. मी तिला सांगितलं की पुढच्या वर्षी ती स्टेशनवर येईल, पेपर असो की काही असो, आणि परत न्यायला मामाला बोलावून ठेवू. ती म्हणाली, "लिहून दे." मी म्हटलं, ट्रंकेच्या झाकणावरच्या यादीत लिहितो. सगळ्यात वर. मग तिने चपलेचा रंग विचारला. मग विचारलं, कोहळा म्हणजे भोपळाच का? त्यात बिया असतात का?

सहावी माळ

बिया एकवीस निघाल्या. त्यातल्या दोन पोकळ होत्या, त्या वेगळ्या केल्या. सकाळी फॉलिनच्या आधी खिडकीत वर्तमानपत्रावर पसरून ठेवल्या. हवालदार बघून म्हणाला, "नुसत्या नका वाळवू साहेब. राखंत घोळवा, न्हाईतर किडं लागत्याल." लंगरात सगळा गॅस, राख कुठून आणायची? दुपारी तो स्वतःच देवळाजवळच्या म्हातारीच्या चुलीतली ओंजळभर राख कागदात बांधून घेऊन आला.

आज ऊन चांगलं पडलं. अजून दोन दिवस लागतील. मग चपलेच्या जोडात एका पुडीत घालून पार्सल करायचं ठरवलं आहे. बायकोला विचारलं, गॅलरीतल्या कुंडीत कोहळ्याचा वेल मावेल का? ती म्हणाली, मावणार नाही, पण आईने घटाच्या मातीची जागा आधीच ठरवून ठेवली आहे.

यादीत सगळ्यात वर लिहिलं. पेन्सिलीने, कारण यंदाच्या खुणा पेन्सिलीच्या आहेत. खूण केली नाही. ती तिने करायची आहे.